अण्णांची सही

पेनाचं टोक कापडावर टेकलं आणि तिथेच थबकलं. ‘धों’च्या जागी शाईचा काळा ठिपका पसरत गेला. धोंडीरामांनी पेन बाजूला ठेवलं.

“गेला तुकडा वाया. मला नाय जमायचं.”

“अण्णा, कापडच दमट होतं,” शुभांगी म्हणाली. इगतपुरीच्या श्रावणात कोरडं राहतंच काय! तिने दुसऱ्या तुकड्यावर गरम इस्त्री फिरवली. “आणि पेन टेकवून थांबू नका. हलक्या हाताने पुढे पुढे न्या.”

तिची मुलगी हर्षाली नर्स म्हणून जर्मनीला निघाली होती. तिच्यासाठी शुभांगी घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या सह्यांची गोधडी शिवत होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, राहिली होती ती फक्त सासऱ्यांची. रेल्वेत गार्ड होते तेव्हा त्यांची लफ्फेदार सही अख्खं स्टेशन ओळखायचं. पण कंपवाताने हात धरला आणि ते बँकेतही अंगठा द्यायला लागले.

दुसरा तुकडा हाताबरोबर सरकत राहिला. अक्षरं शिवणीसाठी सोडलेल्या कडेवर चढली.

“हर्षू, तूच लिही माझं नाव. कुणाला कळतंय?”

“मला कळेल ना, आजोबा. तिकडे माझंच अक्षर पांघरून झोपू का?”

त्यांनी बिघडलेला तुकडा बाजूला सारला. मग म्हणाले, “शुभांगी, जुनं धोतर हाय का एखादं?”

दुपारभर ते धोतराच्या चिंध्यांवर नाव गिरवत बसले. हर्षालीने शेजारच्या केरू सुताराकडून पॉलिश पेपर आणला. त्याची खरखरीत बाजू वर ठेवून त्यावर नवा तुकडा पसरला, तसं कापड सरकायचं थांबलं. शुभांगीने चहूबाजूंनी बोटभर जागा सोडून पेन्सिलीने फिकी चौकट आखून दिली.

लफ्फे त्यांनी सोडून दिले. दातांखाली ओठ धरून एकेक अक्षर काढलं. धोंडीराम. रेघ जागोजागी थरथरली होती, पण नाव चौकटीत बसलं होतं.

“आलं की हो!” हर्षालीने टाळी वाजवली. धोंडीराम लाजून हसले.

शाई पक्की व्हावी म्हणून शुभांगीने वरून इस्त्री फिरवली. मग सगळ्या सह्यांसारखी हीसुद्धा दोऱ्याने भरायला घेतली.

“अण्णा, हा ‘रा’ टाक्यात जरा सरळ करून घेऊ?”

त्यांनी तुकडा हातात घेऊन निरखला आणि परत दिला.

“नको. आता माझी सही अशीच हाय.”

शुभांगीने मान हलवली. सुई एकेका थरथरीवरून वळत, सावकाश पुढे सरकू लागली.