विनोदशेटचं उघडलेलं नाक

नरपडच्या विनोदशेटचं नाक वर्षानुवर्षं बंद होतं आणि गावाला त्याचा काहीच त्रास नव्हता. तो तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडानेच घोरायचा, आणि खिशातल्या बाटलीतले थेंब तीर्थासारखे दोन्ही नाकपुड्यांत सोडायचा. २०१७ च्या पावसाळ्यात त्याने तलासरीला, हायवेवरच्या दवाखान्यात, नाकातलं वाढलेलं मांस लेझरने जाळून घेतलं. खपल्या पडल्या, वारा आरपार जायला लागला आणि नरपडला एक नवा साहेब मिळाला.

"लेझर आहे, लेझर," तो एसटीच्या थांब्यावर सांगायचा. "टाका नाय, पट्टी नाय. तुमच्या नाकांना काय कळणार!"

पाऊस उघडला. नवशीकाकीने त्याच्या घरासमोरच्या रेतीत नेहमीच्या जागी वलांड्या उभ्या केल्या: बांबू, बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील. या वाळवणावर तिचं घर चालायचं, आणि उन्हाची दुसरी मोकळी जागा गावात उरली नव्हती.

विनोदशेट नाकाला रुमाल लावून ग्रामपंचायतीत गेला. या वासाने त्याच्या गेस्ट रूममध्ये मुंबईची माणसं टिकत नाहीत, वलांड्या हटवा.

"अरे, इतकी वर्षं काय श्वास कोंडून बसला होतास?" काकीने विचारलं.

"हो!" विनोदशेट म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच खरं बोलला.

सरपंच नविनने निवाडा दिला. "काकी, आठ दिवस वलांड्या काढ. वास गेला तर जागा सोडायची. नाय गेला तर विनोदशेट, तुम्ही यावर परत तोंड उघडायचं नाय."

"मग श्वास घेईल कुठनं?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाक दुरुस्त केलंय ना!"

काकीने बोंबील शेजारच्या आगर गावी बहिणीच्या अंगणात नेले. आठवड्याने पंच रेतीत जमले. विनोदशेटने डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या.

"येतोय! अजून येतोय! हिने कुठेतरी लपवलेत."

"शोध मग," काकी म्हणाली. "गावात लेझरचं नाक एकच."

विनोदशेट हुंगत निघाला. मागे पंच, त्यांच्या मागे अर्धं गाव. नाकाने त्याला रेतीवरून कुंपणाशी नेलं, कुंपणातून त्याच्याच वाडीत, चिकूंच्या खालून थेट गेस्ट रूमच्या मागे. तिथे संडासाच्या टाकीचं झाकण दुभंगलं होतं आणि टाकी तुडुंब भरली होती. नाक प्रामाणिक निघालं. मालकाला ती सवय नव्हती.

"कधीपासून फुटलंय हे?" नविनने विचारलं.

"खोल्या बांधल्या तेव्हापासून," विनोदशेटची बायको वर्षा म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?" विनोदशेट तिच्यावर उखडला.

"रोज सांगत होते. तुम्ही म्हणायचात, मला तर काही येत नाही, तुझंच नाक नखऱ्याचं."

दुपारी काकीने वलांड्या परत रोवल्या, या वेळी विनोदशेटच्या फाटकाच्या आणखी दोन हात जवळ. विनोदशेटने तक्रारीसाठी तोंड उघडलं, समोर नविनला पाहिलं, तोंड मिटलं, आणि नाकाने खोल श्वास घेतला.