मधला तास

अपघात आपल्याला आठवतच नाही, हे तबस्सुमला बरंच उशिरा कळलं. तोवर तिची समजूत अशी होती, की अपघात म्हणजे एक क्षण. धडक बसली आणि संपला. त्यात आठवायचं ते काय.

ती करमाडच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवायची. तिची सहकारी विशाखा आणि ती, दोघी शहरातून विशाखाच्या छोट्या गाडीतून जा-ये करत. विशाखा गाडी चालवायची, तबस्सुम शेजारी बसायची. त्या दिवशी शाळा सुटल्यावर परत येताना, शेंद्र्याच्या अलीकडे एका पिकअपनं गाडीला ठोकलं. गाडीचं डावं अंग चेपलं, पण दोघींना कुठं खरचटलंही नाही. तबस्सुमचं डोकं तेवढं दुखत होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवऱ्यानं, बासितनं गोळ्या आणून दिल्या आणि ती शाळेत जायला लागली.

मग एका मधल्या सुट्टीत विशाखा बाकीच्या शिक्षकांना सगळी हकिकत सांगत होती. लोक कसे जमले, गाडीचं दार कसं अडकलं होतं, क्रेन कशी आली. बोलता बोलता ती हसून म्हणाली, की एवढा गोंधळ चाललेला आणि तबस्सुम आपा मात्र टपरीवर बसून आल्याचा चहा पीत होत्या.

डबा उघडता उघडता तबस्सुम थांबली. चहा कुठला? तिला आठवत होतं ते असं: विशाखा भाच्याच्या लग्नातल्या साड्यांबद्दल बोलत होती. आणि त्याला लागूनच, मध्ये काही नसल्यासारखं, ती रिक्षात होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता आणि रिक्षा मुकुंदवाडीच्या सिग्नलला उभी होती. या दोन गोष्टींच्या मध्ये किती वेळ गेला, असं तिनं विचारलं तेव्हा विशाखा म्हणाली, तास तरी गेला असेल.

तबस्सुमला भीती वाटली नाही. आधी तिला नवल वाटलं. एक अख्खा तास आपण चाललो, बोललो, चहा प्यायलो, आणि त्यातलं काही आपल्याजवळ नाही. तिनं जिभेवर आल्याची चव आठवून पाहिली. नव्हती. दुपारच्या तासाला ती फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहायला गेली आणि तो शब्दच तिला सापडेना. एका मुलीनं जागेवरून सांगितला तेव्हा तिनं तो लिहिला.

त्याच संध्याकाळी विशाखा एक कागद घेऊन तिच्या घरी आली. पिकअपचा मालक अभय नावाचा माणूस होता. तो विशाखाच्या घरी येऊन, फार नम्रपणे बोलून गेला होता. गाडी तो स्वतः दुरुस्त करून देणार होता. त्याला फक्त दोघींच्या सह्या हव्या होत्या. कागदावर टाइप केलेलं होतं, की सदर अपघातात आम्हाला कोणतीही इजा झालेली नाही व आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. विशाखानं आपल्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवली होती. पोलीस, कोर्ट या भानगडीत तिला पडायचं नव्हतं.

तबस्सुमनं कागद दोनदा वाचला.

"यावर मी सही कशी करू? मी तिथं नव्हतेच."

"आपा, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"बसले असेन. पण मला काय झालं ते मलाच माहीत नाही. मग काही झालं नाही, असं लिहून कसं देऊ?"

विशाखा नाराज झाली. ती उठून गेली, पण कागद तिथंच ठेवून गेली. थोडं थांबू, एवढंच तबस्सुम तिला म्हणाली होती. बासितचं म्हणणं वेगळं होतं. तो सिटी चौकात घड्याळं दुरुस्त करायचा आणि कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये, असं त्याचं मत होतं. तो म्हणाला, चल, जाऊन बघून येऊ.

रविवारी सकाळी ते दोघं स्कूटरवरून त्या जागी गेले. दुभाजकाला गाडीचा रंग लागलेला होता. त्याच बाजूच्या कडेला पेट्रोलपंप आणि त्याला लागून पत्र्याची टपरी. तबस्सुम ती जागा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहत होती. पण टपरीवरच्या बाईनं तिला लांबूनच ओळखलं.

"बरं हाय का आता?" ती म्हणाली. "सापडला का चष्मा?"

तिचं नाव आवडाबाई. तिनं बाकडं पुसून दोघांना बसवलं. तबस्सुमनं विचारलं, की कुठला चष्मा.

"तुमी लई येळा इचारलं की, माजा चष्मा कुठंय म्हणून. म्या सांगायचे, ताई, डोळ्यावरच हाय. तुमी हात लावून बगायच्या, बरं म्हणायच्या. चहाचा एक घोट घ्यायच्या अन् परत तेच. मला आदी वाटलं मस्करी करताय. मग तुमी वार इचारला. मंगळवार सांगितला, तर तोबी परत इचारला."

बासितचा चेहरा उतरला. तबस्सुम मात्र पुढं झुकून एकेक प्रश्न विचारत राहिली. मी इथं कशी आले? आपल्या पायांनी. पडले होते का? नाय. उलटी झाली का? व्हय, टपरीच्या मागं, एकदा. आणि पिकअप? आवडाबाई म्हणाली, की तो उलट्या बाजूनं आला होता, पंपातून निघून, आणि त्याचा रंग निळा होता. विशाखा तर पांढरा म्हणत होती. याबद्दल आवडाबाई काही ऐकेना. तिच्या मते निळाच.

निघताना तबस्सुमनं वर पाहिलं. पंपाच्या छपराखाली एक कॅमेरा होता आणि त्याचं तोंड रस्त्याकडे होतं.

घरी न जाता बासितनं स्कूटर सरळ घाटीत, सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोकं दुखतंय, एवढंच सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी औषध लिहून दिलं असतं. पण चष्म्याचं आणि उलटीचं ऐकून त्यांनी लिहायचं थांबवलं आणि लगेच स्कॅन करायला पाठवलं. मेंदूच्या वरच्या बाजूला रक्ताचा पातळ थर जमला होता. वरून जखम नसली तरी आत मेंदू हादरतो, आणि अशा वेळी काही गोळ्यांनी रक्त वाहणं वाढू शकतं, असं त्या म्हणाल्या. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या त्यांनी पाहिल्या आणि बंद केल्या. आठवडाभर आणखी तशाच चालू राहिल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही. तबस्सुमनंच विचारलं, आणि मग सांगितलं.

तिला ठेवून घेतलं. तिनं स्कॅनची फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. करड्या घड्यांच्या बाजूला एक बारीक पांढरी कड होती, नखाच्या कडेसारखी. तो तास याच्याखाली आहे का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तो नोंदलाच गेला नाही, त्यामुळं तो कुठंच नाही.

डॉक्टरांनी केसपेपरवर वाहन अपघात असं लिहिल्यामुळं दवाखान्यातल्या पोलीस चौकीतला हवालदार जबाब घ्यायला आला. तो समजूतदार माणूस होता आणि त्याला काम उरकायचं होतं. त्यानं स्वतःच वाक्य सुरू केलं, की पिकअप चालकानं विरुद्ध दिशेनं भरधाव येऊन. तबस्सुमनं त्याला थांबवलं.

"हे मी पाहिलेलं नाही. मला आठवत नाही, असं लिहा."

"मॅडम, अशानं तक्रार कच्ची पडेल."

"पडू द्या. जे दुसऱ्यांनी पाहिलं ते त्यांना विचारा. मला उलटी झाली, मी एकच प्रश्न परत परत विचारत होते, हे आवडाबाईंनी पाहिलंय. त्यांचं नाव लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी बासितच्या ओळखीच्या वकील करुणा भेटायला आल्या. तबस्सुमला वाटलं, त्या रागावतील. पण त्या म्हणाल्या, की बरं झालं. ऐकीव गोष्ट आठवते म्हणून सांगितली असती, तर उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला सगळं कोसळलं असतं. अभयच्या कागदावर सही झाली असती तर पुढची वाट फार अवघड झाली असती, हेही त्यांनी सांगितलं. औषधाची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवायची, पिकअपच्या माणसांशी परस्पर बोलायचं नाही. भरपाईचा दावा पिकअपचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर लागतो आणि तो सहा महिन्यांच्या आत घातलेला बरा. मग तबस्सुमनं कॅमेऱ्याचं सांगितलं तसं त्यांनी बोलणं अर्धवट सोडून तिथल्या तिथं अर्ज लिहायला घेतला. पंपावरचं चित्रण थोडे दिवसच राहतं, मग त्यावर नवं चढतं. ते पोलिसांनी ताब्यात घ्यावं, असा तो अर्ज होता.

पोलिसांनी ते वेळेत घेतलं. तबस्सुम घरी आल्यावर काही दिवसांनी चित्रणातली माणसं ओळखण्यासाठी तिला आणि विशाखाला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. मधल्या काळात विशाखा तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिथंही ती दोन खुर्च्या सोडून बसली.

पडद्यावर रस्ता दिसत होता. चित्रात आवाज नव्हता. पिकअप पंपातून निघाला आणि पुढच्या वळणापर्यंत न जाता, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर, कडेकडेनं उलटा निघाला. तो पांढरा होता, फक्त त्याच्यावर निळी ताडपत्री बांधलेली होती. विशाखाच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले, गाडी उजवीकडे वळली, तरी पिकअप डाव्या बाजूला घासत गेलाच.

विशाखानं ते परत दाखवायला सांगितलं. मग पदर तोंडाशी धरून ती रडायला लागली.

"मला वाटत होतं मलाच डुलकी लागली," ती म्हणाली. "आपा, मला खरंच आठवत नव्हतं ब्रेक मारला की नाही. म्हणून मला सही करून टाकायची होती."

तबस्सुम उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. दोघी मिळून पुढचं पाहू लागल्या.

डावं दार उघडेना, तेव्हा उजवीकडून विशाखाच्या मागून एक बाई बाहेर आली. ओढणी नीट केली, रस्त्यावर सांडलेल्या वह्या गोळा केल्या. तबस्सुमनं ती ओढणी ओळखली, चाल ओळखली, पण त्या बाईच्या मनात काय चाललंय हे तिला इतर कुणाइतकंच माहीत नव्हतं. बाईनं विशाखाला धरून कडेला बसवलं. मग ती पिकअपकडे गेली. तिथं एक पन्नाशीचा माणूस खाली उतरून उभा होता. बाई त्याच्याशी बोलली. बराच वेळ बोलली. माणूस आधी हात जोडत होता, नंतर तो मान खाली घालून नुसता हलवत राहिला आणि शेवटी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. मग मोटरसायकलवरून कुणीतरी आलं, त्याला दंडाला धरून उठवलं आणि पिकअप निघून गेला. मोटरसायकलवाला अभय होता. विशाखानं त्याला ओळखलं.

"काय बोलत होते मी त्याच्याशी?" तबस्सुमनं विचारलं. विशाखाला माहीत नव्हतं. ती लांब बसलेली होती.

गुन्हा नोंद झाला, करुणांनी दावा तयार करायला घेतला, शाळेनं रजा मंजूर केली. पण तबस्सुमच्या डोक्यात ती मुकी बाई आणि तो उकिडवा बसलेला माणूस राहिला. मी त्याला शिव्या दिल्या असतील का, असं तिनं बासितला विचारलं. तो म्हणाला, तुला येतात कुठं.

चालकाचं नाव कडुबा होतं, गाव कन्नड. जबाबासाठी तो ठाण्यात आला होता, त्याच दिवशी तबस्सुम करुणांबरोबर कागदांच्या नकला आणायला गेली होती. बाहेरच्या लिंबाखाली तो उभा होता. परस्पर बोलायचं नाही, हे तिच्या लक्षात होतं. तिनं करुणांना विचारलं, एकच प्रश्न विचारू का. करुणा म्हणाल्या, माझ्यासमोर विचारा.

कडुबानं तिच्याकडं पाहिलं आणि नजर खाली केली.

"तुमी इचारलं, तुला कुठं लागलं का. म्या नाय म्हनलो. तर परत तेच. म्या परत नाय म्हनलो. आदी वाटलं ताई टोमणा मारतेय, चूक तर माजीच व्हती. पण तुमी इचारतच ऱ्हायल्या. मग माझ्याच्यानं उभं ऱ्हावंना." तो थांबला. "मालक आला नसता तर म्या जागा सोडली नसती. आत सायबाला खरंखरं सांगितलं सगळं."

 तबस्सुमनं विचारलं, "आणि लागलं होतं का?"

त्यानं पायजमा वर केला. उजवा गुडघा सुजून काळानिळा पडला होता. दवाखान्यात गेलास तर नोंद होईल, असं सांगून मालकानं त्याला जाऊ दिलं नव्हतं. तो तेव्हापासून तेल चोळत होता.

करुणा म्हणाल्या, की चूक त्याची असली तरी कामावर असताना दुखापत झालेल्या माणसाचाही कायद्यानं हक्क असतो, आणि त्याला नोंद लागतेच. त्या त्याची केस घेऊ शकत नव्हत्या, पण मोफत सल्ला देणाऱ्या विधी सेवेचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, एवढं त्यांनी सांगितलं. तबस्सुमनं त्याला घाटीत हाडांची ओपीडी कुठल्या दारानं आहे ते समजावलं. तो हो म्हणाला, पण जाईल असं तिला वाटलं नाही.

तिचा दुसरा स्कॅन पावसाळ्याच्या तोंडावर झाला. पांढरी कड विरघळत आली होती. दाव्याची पहिली तारीख लागायची होती, आणि करुणांच्या मते अजून वेळ लागणार होता. बाहेर येताना तबस्सुमला हाडांच्या ओपीडीसमोरच्या बाकड्यावर कडुबा दिसला. त्याचा पाय पुढं पसरलेला होता, हातात केसपेपर होता आणि शेजारच्या म्हाताऱ्याला तो रांग कुठून सुरू होते ते सांगत होता. तिनं त्याला हाक मारली नाही. बासित स्कूटर काढून फाटकाशी थांबला होता.