बेडकीचं हसू

आमच्या तरणतलावावर पोहायला शिकवणारे मास्तर प्रत्येक मुलाला टोपणनाव द्यायचे. एक कासव, एक मगर, एक बेडकी. बेडकी म्हणजे पुढचे दात पडलेली, पाण्याला घाबरून पायरीला चिकटून बसणारी चिमुरडी. पाणी तपासणं हे माझं काम, त्यामुळे मी दिवसभर काठावरच असते आणि मास्तरांना वीसेक वर्षं बघत आलेय. तोंड पाण्यात घालायला शिकवायची त्यांची एक ठरलेली रीत होती. मुलाच्या डोक्यावर तळहात ठेवायचा, तीनपर्यंत मोजायचं, मुलानं खाली जाऊन नाकातून बुडबुडे सोडायचे आणि वर आल्यावर मास्तरांच्या तोंडावर पाणी उडवायचं. या शेवटच्या भागासाठी मुलं काहीही करायला तयार असत. मास्तर मोजायचे मात्र स्वतःच्या घरच्या भाषेत, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं.

ती भाषा आमची नव्हे. नदीपलीकडच्या वस्तीत बोलतात ती. इतक्या वर्षांत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

बेडकीनं पहिल्यांदा डोकं बुडवलं त्या दिवशी तिची आई काठावर चक्क रडली. तिनं सगळं मोबाइलवर टिपलं आणि ‘आमच्या मास्तरांचे आभार’ असं लिहून सगळ्यांना दिसेल असं एका ॲपवर टाकलं. बिचारीच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या ॲपला अख्खा व्हिडिओ दाखवायची सवय नाही. ते सुरुवातीचे नऊ सेकंद घेतं आणि बघणारा बोट सरकवेपर्यंत तेच गोल गोल फिरवत बसतं. नऊ सेकंदांत काय येतं? मोठा हात, छोटं डोकं, परकी भाषा, पाणी. पुन्हा हात, डोकं, पाणी. बेडकीचं हसू त्याच्या पुढे होतं.

“मुलीला बुडवतोय हा!” असं कुणीतरी खाली लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं, ही भाषा कुठली? तिसऱ्याला माहीत होतं. त्यानंतर पोहण्याबद्दल कुणीच बोललं नाही. ‘यांना आपल्या मुलांना हात लावू देता कशाला?’ इथून ‘यांना गावात राहू देता कशाला?’ इथपर्यंत पोचायला एक दुपार पुरली.

माझी भाची जाहिरातींच्या कंपनीत आहे. तिचा लगेच फोन आला.

“आत्या, काहीही होऊ दे, त्याखाली लिहू नका. चांगलं लिहा नाहीतर वाईट लिहा, त्या यंत्राला सारखंच. माणसं भांडतायत एवढंच त्याला कळतं, आणि मग ते भांडण आणखी चार जणांच्या पुढ्यात नेऊन ठेवतं.”

“मग काय, हाताची घडी घालून बसू?”

“हो.”

“तुला बोलायला मी शिकवलं, आता तू मला गप्प बसायला शिकव,” म्हणून मी फोन आपटला.

आणि लिहिलं. मी लिहिलं, तिकीट खिडकीवालीनं लिहिलं, जुन्या कासव-मगरींनी लिहिलं, ज्यांना आता दाढ्यामिशा आहेत. मी तर तिघांना नाव घेऊन गाढव म्हटलं. संध्याकाळी ॲपनं मला रंगीत फुगे दाखवून कळवलं की माझ्या प्रतिक्रियेला उत्तम प्रतिसाद मिळतोय. त्याच रात्री दूरच्या शहरातून माझ्या धाकट्या भावाचा फोन. त्यानं आमचा तलाव कधी पाहिलाही नाही. मी लिहिलं म्हणून ते त्याच्याकडे आपोआप गेलं होतं. “ताई, असल्या माणसाबरोबर काम करतेस तू?”

तलावाच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतः लिहिलेली पाटी आहे: कुणी बुडत असेल तर सगळ्यांनी उड्या मारू नका, एकानं काठावरून बांबू पुढे करा. घाईत अंगावर पडणारी माणसंच बुडणाऱ्याला खाली नेतात. हे आम्ही प्रत्येक नव्या पोराला घोकून घोकून शिकवतो. त्याच पाटीखाली बसून आम्ही सगळ्यांनी उड्या मारल्या होत्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

बेडकीच्या आईनं घाबरून व्हिडिओ काढून टाकला. तोवर त्याच्या नकला घराघरात पोचल्या होत्या. मास्तरांच्या बायकोला दुकानदारानं आत येऊ दिलं नाही. नदीपलीकडे राहून आमच्या गावातल्या शाळेची बस चालवणाऱ्या एका ड्रायव्हरची नोकरी गेली, ज्याला बिचाऱ्याला पोहताही येत नव्हतं.

आमचे व्यवस्थापक गोड बोलणारे, पण कणा नावालाही नाही. “माझा मास्तरांवर विश्वास आहे हो,” ते म्हणाले, “पण पालकांचं काय करू?” शेवटी ठरलं की मुलीलाच विचारायचं. ती जे सांगेल ते खरं. तिची आई हो म्हणाली.

त्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. गळ्यात शिट्टी होतीच. “बेडकी सांगेल,” ते मला म्हणाले, “केवढं पाणी उडवलं होतं तिनं माझ्यावर!” त्यांना खरंच वाटत होतं की तासाभरात ते पुन्हा तलावात उतरतील. मलाही वाटत होतं.

ऑफिसातल्या मोठ्या खुर्चीत ती पाय लोंबकळत ठेवून बसली.

“बाळा, त्या दिवशी काय झालं?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“मास्तरांनी मला पाण्यात दाबलं.”

“अगं, आणि मग?” आई म्हणाली. “मग वर येऊन तू हसलीस ना?”

“नाही. ते सोडतच नव्हते. परत परत दाबत होते.”

“कोण म्हणालं तुला असं?”

“कुणी नाही. मी मोबाइलवर बघितलंय ना. शाळेत सगळ्यांकडे आहे.”

आईनं मोबाइलमधला मूळ व्हिडिओ शोधला आणि लेकीसमोर धरला. डोक्यावर हात आला तशी मुलीनं डोळे गच्च मिटले. व्हिडिओ पुढे चालू राहिला. पाणी उडालं, मास्तरांचं “अगं ए!” ऐकू आलं, आणि दात पडलेल्या तोंडाचं ते खळाळतं हसू खोलीभर झालं.

मुलीनं डोळे मिटूनच विचारलं, “कोण हसतंय?”

व्यवस्थापक हळूच म्हणाले, आजकाल असं मागून काहीही जोडता येतं म्हणे. मी त्यांच्यावर ओरडणार तेवढ्यात मास्तर उठले.

“तिला आणखी विचारू नका,” ते म्हणाले. “घाबरलीय ती.”

त्यांनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. दाराशी मात्र पाय अडखळला. इतक्या वर्षांची सवय, ती कुठे जाणार? ते थोडं वाकले आणि त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, “बेडके, बुडबुडे कुठून सोडायचे?”

तिनं दोन्ही हातांनी नाक घट्ट दाबून धरलं आणि ते बाहेर जाईपर्यंत श्वास रोखून ठेवला.