लाईट गेली नव्हती

उज्वला डबा खाऊन छापखान्यात परतली तर आत अंधार, आणि समोरच्या रसवंतीचा चरक मात्र मोटारीवर घरघरत होता. तिनं मीटरकडं पाहिलं. मेन स्विच खाली ओढलेला.

"लाईट गेली, ताई!" मालकांचा भाचा हर्षल धावत आला. "कळवणच्या स्मरणिकेची फाइल उडाली. उद्या प्रकाशन, आता घ्या!"

मजकुराची पानं उज्वलानं जुळवली होती, जाहिरातींची हर्षलकडं होती. मागेही त्यानं हेच केलं होतं. काम झालं नाही म्हणून फाइलच पुसली, मेन ओढला आणि खापर फोडलं तिच्या माथ्यावर. गिऱ्हाइकांसमोर हात जोडून तिनं माफी मागितली, मग दोन वर्षं बाइंडिंगला खळ लावत बसली. रोज देवापुढं दिवा लावताना ती सगळ्यांचं भलं मागायची. हर्षलचं नाव तेवढं गाळायची.

पण तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या सिस्टिमवर पुसलं ते पुसलंच. ही लिनक्सची नवी तिनं हट्टानं बसवून घेतलेली. फाइलींत काही फेरफार करायचा तर ही आधी डिस्कवर त्याचं टाचण करते. टाचण पुरं व्हायला काही क्षण लागतात. त्याआधीच वीज गेली, तर ते काम झालंच नाही असं धरून चालते. पुसण्याचंसुद्धा.

मालक सावळीरामभाऊ आत आले, तशी उज्वलानं मऊ आवाजात विचारलं, "हर्षल, फाइल गेली नि लगेच लाईट गेली का रे?"

"लगेच! पापणी लवायच्या आत."

"आणि तुझ्या जाहिराती?"

"सगळ्या झाल्या होत्या, मामा! देवीशप्पथ. हिनं ते लिनक्स आणलं, तेच नडलं."

"पुन्हा सांग बाबा. भाऊंना नीट ऐकू येऊ दे."

त्यानं पुन्हा सांगितलं, शपथेसकट.

उज्वलानं मेन स्विच वर केला. मशीननं सुरू होता होता आधी टाचण पाहिलं; पुसण्याचं अर्धवटच होतं, ते सोडून दिलं. स्मरणिका जिथल्या तिथं होती. तिची पानं भरलेली, जाहिरातींच्या नुसत्या रिकाम्या चौकटी.

"झाल्या होत्या ना रे?" भाऊ एवढंच म्हणाले.

हर्षल तिच्या कानाशी लागला. "ताई, कळवणची मंडळी बाहेर येऊन बसलीत. लाईटचंच सांगू या ना त्यांना? पाया पडतो तुमच्या."

"पड ना," ती म्हणाली, "पण माझ्या नको, त्यांच्या पड." आणि तिनं दार सताड उघडून धरलं.