उघडायचा ध्वज

आमच्या मुलीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण घरीदारी ती टिल्ली. वय नऊ. उत्तर येत असलं तरी शाळेत हात वर करायची नाही. बाईंनी तसं प्रगतिपुस्तकात दोनदा लिहिलंय. त्यामुळे स्काऊट पथकाने आपल्या संतांच्या दिवशी ध्वज चढवायचं काम तिला दिलं, तेव्हा तिच्याआधी माझीच झोप उडाली.

हे संत म्हणजे स्काऊट ज्यांना आपले पाठीराखे मानतात ते, घोड्यावर बसून भाल्याने ड्रॅगन मारणारे. पथकाच्या हॉलमध्ये, तंबू ठेवायच्या कपाटावर त्यांचं चित्र आहे. दरवर्षी त्यांच्या दिवशी सगळी मुलं आपलं वचन पुन्हा म्हणतात, आणि त्याआधी एक जण ध्वज चढवतो.

दोन आठवडे टिल्ली गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर उशीची खोळ चढवत होती. मला फिरकू द्यायची नाही. "तू बघितलंस की माझे हात थरथरतात," म्हणाली. मग मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची.

त्या दिवशी सकाळी पालकांनी खुर्च्या मांडायच्या होत्या. टेबलावर ध्वज घडी करून, दोरीने गुंडाळून तयार ठेवलेला. टिल्लीनेच बांधला होता. मी सहज बोट लावलं, तर गाठ अगदी सैल. ओढली की सुटेल अशी. अर्ध्यात उघडला तर पोरीची शोभा व्हायची. मी इकडेतिकडे बघितलं आणि वरून निरगाठ मारली. दोनदा.

"काय चाललंय?" नवऱ्याने खुर्ची उघडता उघडता विचारलं.

"काही नाही. सैल होतं."

"तुला सगळंच सैल वाटतं. गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारी बाई तू."

हॉलमागच्या मैदानात फक्कीची रेघ मारली होती. पालक रेघेच्या अलीकडे, मुलं पलीकडे. पथकाच्या ताई एरवी पोस्टात काउंटरवर असतात. त्यांचा आवाजही तसाच, आता 'पुढचे या' म्हणतील असा.

"पालकांसाठी सांगते," त्या म्हणाल्या. "ध्वज घडीतच वर जाईल. टोकाला पोचला की खालून एक हिसका द्यायचा. सुरगाठ सुटते आणि ध्वज उघडतो."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"बांधलीस ना?"

"हो."

"पक्की?"

"दोनदा."

"अगं, मग जाऊन सांग!"

पण टिल्लीने दोरी ओढायला सुरुवात केली होती. ओरडावं तर सगळे तिच्याकडे बघणार, गप्प बसावं तरी बघणार. माझा हा हिशोब होईपर्यंत ध्वज टोकाला पोचला.

तिने हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. वर नुसतं गाठोडं हललं. मुलांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मी रेघ ओलांडली. "ताई, गाठ मी बांधली. तिची काही चूक नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. "आता मागे व्हा. तिचं काम आहे, ती बघेल."

मी निमूट मागे आले. टिल्लीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने ध्वज हळूहळू खाली घेतला, जमिनीला लागू न देता काखेत धरला. नखांनी गाठ उकरली, दातांनी ओढली. सुटेना. माझीच गाठ ती, सुटणार कशी? तिचे कान लाल झाले. आता रडते, असं वाटलं.

तिने हात वर केला.

"ताई, मला मदत पाहिजे."

"कोणाची?"

"जिने बांधली तिची."

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि गेले. ती ध्वज धरून उभी राहिली, मी गाठीत नखं घातली.

"फक्त तुझी सोड," ती हळूच म्हणाली. "माझी राहू दे. ती बरोबर होती."

"हो गं."

"आणि इथे थांबू नकोस."

दुसरी निरगाठ सुटली तेव्हा माझं एक नख तुटलं. खाली तिची सुरगाठ जशीच्या तशी होती. तिला हात न लावता मी रेघेमागे जाऊन उभी राहिले.

ध्वज पुन्हा वर गेला. या वेळी मी बघितलं. तिचे हात थरथरत होते, चांगलेच. तिने हिसका दिला आणि ध्वज उघडला.