अर्ध्या चेहऱ्यातली निळी तार

मी एक जुना अर्धा चेहरा आहे. एक डोळा, एक कान, अर्धं नाक आणि अर्धं तोंड. कपाळापासून गळ्यापर्यंत सुरीनं सफरचंद कापावं तसा मधोमध कापलेला, लाकडी पाटावर खिळ्यांनी बसवलेला. शरीररचना शिकवण्यासाठी मला बनवलं आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, एरवी आपली मैत्री नाही. तुमच्यासारख्यांनी माझ्या नाकात पेन्सिली घातल्या आहेत, जिभेवर च्युइंगगम चिकटवला आहे आणि एकानं तर माझ्या घशात सिगारेट विझवली आहे. त्याचा डाग अजून आहे. तो आता म्हणे मोठा डॉक्टर झाला आहे. होऊ दे.

पण माझं सगळंच आयुष्य असं कडू नव्हतं. मला घडवलं ते एका साचेकारानं. दीड महिना तो माझ्यावर खपला. प्लास्टर घट्ट होण्याआधी बोटानं त्यानं माझ्या नाकात तीन शिंपले वळवले, एकाखाली एक. तुमच्याही नाकात ते आहेत. प्रत्येक शिंपल्याखाली एक अरुंद दालन असतं आणि हवा त्या दालनांतून गरम होत आत जाते. तुम्ही श्वास घेता आणि नाक म्हणजे दोन भोकं असं समजता. असो. नाकाचा मधला पडदा त्यानं पितळी बिजागरीवर बसवला, म्हणजे दारासारखा उघडला की आतलं घर दिसतं. नाकाची जमीन तीच तोंडाचं छत, हे दाखवायला त्यानं टाळू पुढे कठीण आणि मागे मऊ केला आणि मऊ भागाच्या टोकाला पडजीभ लोंबती ठेवली. रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं बायकोला खिडकीत बसवलं.

"अहो, किती वेळ आ करून बसू? भाजी करपेल," ती म्हणाली.

"करपू दे. तुझ्या जिभेचा रंग अजून जमला नाही."

"माझ्या जिभेबद्दल एरवी काय काय बोलता, आणि आज तिचा रंग हवा?"

माझी जीभ तिच्या जिभेच्या रंगाची आहे. माझ्याशी प्रेमानं वागलेली माणसं मी मोजली तर त्यात ती दोघं आधी येतात. त्यांच्यानंतर फार कुणी येत नाही.

सगळ्यात शेवटी साचेकारानं माझ्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडलं आणि त्यातून एक निळी तार आत सोडली. ती तार नाकात, सगळ्यात खालच्या शिंपल्याच्या खाली बाहेर आली. ही अश्रूंची वाट. डोळ्यातलं पाणी याच वाटेनं नाकात उतरतं, म्हणून रडलं की नाक गळतं. ही निळी तार लक्षात ठेवा. तिच्यापायी एका मुलीचं शिक्षण बुडायची वेळ आली होती.

कॉलेजात मला काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्या अंगावर आकडे रंगवले आणि आकड्यांची यादी पुठ्ठ्यावर लिहून शेजारी टांगली. तिथूनच माझं वाटोळं झालं. मुलं माझ्याकडे बघेनाशी झाली, पुठ्ठ्याकडे बघू लागली. सात म्हणजे मऊ टाळू, नऊ म्हणजे पडजीभ, चौदा म्हणजे निळी तार, अश्रूंची वाट. पाढे पाठ केल्यासारखं सगळं पाठ. माझ्या जागी दगड ठेवून त्यावर आकडे घातले असते तरी ती पास झाली असती. आणि आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांना तेच आवडायचं. नाकानं कांदे सोलणारा माणूस. हातात कायम लाकडी छडी आणि तोंडात कायम एकच वाक्य, "हे मॉडेल माझ्या गुरूंनी करून घेतलं आहे." माझं कौतुक व्हायचं ते एवढंच, तेही गुरूंच्या नावानं.

माझी धूळ पुसायचे ते विभागाचे शिपाईकाका. जुन्या बनियनच्या तुकड्यानं ते आधी कान पुसत, मग नाक आणि शेवटी दात, एकेक. त्यांना यातलं एकही नाव येत नव्हतं, पण हात हलका होता.

अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ मी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती यायची होती आणि मोठे सर समितीपुढे करायच्या भाषणाची माझ्यासमोर तालीम करत होते. खोलीत ते, मी आणि फरशी पुसणारे काका. सर मधल्या शिंपल्यापाशी अडखळले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडखळले. तिसऱ्या वेळी त्यांनी दातओठ खात छडी उगारली आणि माझ्या नाकात हाणली. मधला शिंपला तुटून पडला. निळी तार सटकन बाहेर उडाली. चूक त्यांच्या डोक्यात होती आणि मार माझ्या नाकाला.

"बघत काय उभा राहिलास?" सर काकांवर ओरडले. "चिकटव ते. उद्या सकाळी जसंच्या तसं दिसलं पाहिजे. आणि याबद्दल ब्र काढायचा नाही."

बिचारे काका. दुपारभर ते प्लास्टर कालवून माझ्याशी झटत बसले. शिंपला नीट बसला. पण डोळ्यातून आत जाणारं भोक चुऱ्यानं बुजलं होतं आणि खालच्या शिंपल्याखालच्या तोंडावर ओलं प्लास्टर ओघळलं होतं. काकांना तार घालायला जागा सापडेना. मग त्यांना मधल्या शिंपल्याखाली एक भोक दिसलं. ते गालाच्या हाडातल्या पोकळीचं तोंड. अश्रूंचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण हे काकांना कुणी सांगितलं होतं? त्यांनी तार तिथं खोचली आणि समाधानानं हात धुतले. 'तिथं नाही!' मला ओरडायचं होतं. तोंड सताड उघडं आणि आवाज नाही, हे माझं नशीब.

समितीतल्या एकाला सांधा दिसलाच. "हे फुटलं होतं का?"

"आमच्या शिपायाच्या हातून पडलं," सर हसून म्हणाले. "धांदरट आहे, पण ठेवलाय आपला."

काका पाण्याचे पेले घेऊन दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मूग गिळून पेले वाटले. त्या दिवसापासून त्यांना कॉलेजात 'फोडकाका' हे नाव पडलं. मुलं पास होऊन गेली, नवी आली, नाव तेच राहिलं. कपबशी कुणाच्याही हातून फुटली तरी सगळे काकांकडे बघून हसायचे.

आता त्या मुलीबद्दल सांगतो. ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा काकांची मुलगी आहे हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं आणि तिला ते कळूही द्यायचं नव्हतं. व्हरांड्यात वडील समोरून आले तर ती वहीत डोकं घालून निघून जायची. माझ्या कपाटाच्या काचेतून मला ते रोज दिसायचं. फोडकाकांची मुलगी कोण म्हणवून घेईल? काकाही मग भिंतीकडे तोंड करून झाडू मारत राहायचे. मला तिचा संताप यायचा.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. एवढ्या वर्षांत पुठ्ठ्याकडे न बघता माझ्याकडे बघणारी ती एकटीच. दुपारच्या सुट्टीत ती माझा पडदा उघडायची, डोळे मिटून बोटानं एकेक शिंपला चाचपायची. म्हणूनच ती फसली. पुस्तकात अश्रूंची वाट खालच्या दालनात होती, माझ्यात मधल्या. बाकीच्यांना हा फरक कधी दिसलाच नव्हता. तिनं भर वर्गात विचारलं, "सर, पुस्तक बरोबर की मॉडेल?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याकडे ढुंकूनही न बघता ते म्हणाले, "पुस्तकं कुणीही छापतं. हे मॉडेल माझ्या गुरूंनी करून घेतलं आहे. ते चुकत नाही."

तिनं विश्वास ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला. ती आत्मविश्वासानं म्हणाली, "मधल्या दालनात." शेजारच्या खुर्चीत मोठे सर बसले होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला. त्या उत्तराचे गुण गेले आणि ती थोडक्यात नापास झाली. कॉलेजचा नियम असा, की पहिल्या वर्षाला दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी.

निकालाच्या दुपारी ती माझ्यासमोर येऊन रडली. डोळे आणि नाक दोन्ही वाहत होती. मध्येच ती थांबली, रुमाल नाकाखाली धरून माझ्या तारेकडे बघत राहिली. मग पुस्तक उघडून माझ्या नाकाशी धरलं. टॉर्च आणली, खालच्या शिंपल्याखाली मारली. तिथं वाळलेलं प्लास्टर होतं. तेवढ्यात काका झाडू घेऊन आत आले.

"बाबा, ही तार कुणी घातली?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी. का गं?"

"चुकीच्या भोकात घातलीत! मी नापास झाले ती या तारेनं. आधी फोडलंत आणि मग कसंतरी जोडून ठेवलंत. वर्गात पोरं फोडकाका म्हणून हसतात ना, तेव्हा मी खाली मान घालून बसते. कळतं का तुम्हाला?"

मी वाट बघत होतो. आता सांगतील. एक वाक्य पुरे होतं. पण काका झाडूच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मला त्यातलं कळलं नाही, बेटा." नोकरी सरांच्या हाताखाली आणि मुलगी सरांच्या वर्गात. ती पाय आपटत निघून गेली. त्या क्षणी मला काकांचा इतका राग आला, की सरांचाही कधी आला नसेल. गप्प बसणं मला चुकत नाही, मी प्लास्टरचा आहे. त्यांना काय झालं होतं?

दुसऱ्या परीक्षेला नव्या परीक्षक बाई आल्या. मला टेबलावर ठेवलं. मोठे सर शेजारी, छडी मांडीवर. काका पाण्याचा पेला ठेवायला आत आले आणि दाराशीच रेंगाळले.

"अश्रूंची वाट कुठं उघडते? मॉडेलवर दाखव," बाई म्हणाल्या.

"खालच्या दालनात, मॅडम. पण यावर दाखवता येणार नाही. यातली तार चुकीची आहे."

"पुन्हा तेच!" सर उसळले. "मागच्या वेळी नापास झाली, आता खापर मॉडेलवर. या मुलीला शिस्त म्हणून नाही."

"थांबा सर," बाई म्हणाल्या. "सिद्ध करता येईल तुला?"

मुलीनं केसातली पिन काढली. आधी तिनं मधल्या शिंपल्याखालची तार उपसली. मग खालचं वाळलेलं प्लास्टर टोकरलं, डोळ्याच्या कोपऱ्यातला अकरा वर्षांचा चुरा काढला आणि तार वरून आत सरकवली. ती वाटेत अडली. बाई पुढे वाकल्या. मुलीनं तार जराशी फिरवली आणि निळं टोक सगळ्यात खालच्या शिंपल्याखालून बाहेर आलं. साचेकारानं पाडलेली वाट जिथल्या तिथं होती. मला हायसं वाटलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि हा घोळ केला कुणी?"

"मी, मॅडम," दारातून काका म्हणाले. "तार मी घातली. चूक माझी. मुलीची नाही."

"फोडलंही यानंच," सर म्हणाले. "सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

काका आत आले. त्यांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"नाही सर. फोडलंत तुम्ही. या छडीनं. मी फरशी पुसत होतो."

सरांनी छडी मांडीवरून खाली घेतली. बाईंनी छडीकडे पाहिलं, माझ्या सांध्याकडे पाहिलं आणि कागदावर गुण लिहिले. मुलगी कागदाकडे बघत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

ती पास झाली. सर सर्वांदेखत माफी मागतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गोष्टीच फार वाचता. त्यांनी मागितली नाही. आठवड्याभरात त्यांनी नवं प्लास्टिकचं मॉडेल मागवलं आणि मला अडगळीत टाकायला सांगितलं. काकांचं नावही फोडकाकाच राहिलं. चिकटलेली नावं प्लास्टरपेक्षा पक्की असतात.

मला अडगळीत न्यायची वेळ आली तेव्हा काकांनी मला उचलून घेतलं. व्हरांडा मुलांनी भरलेला होता. कुणीतरी ओरडलं, "फोडकाका, जपून! पुन्हा पाडाल!" सगळे हसले. आणि त्या हसण्यातून एक आवाज आला, चांगला खणखणीत.

"बाबा, थांबा. एक बाजू मी धरते."

हसू थांबलं. ती गर्दीतून पुढे आली आणि तिनं माझ्या पाटाची दुसरी बाजू धरली. काकांनी दोनदा नाक ओढलं. अश्रू कुठल्या वाटेनं कुठं उतरतात, हे तुम्हाला आता सांगायला नको.

आता मी अडगळीत आहे, मोडक्या बाकांमागे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी या ठिकाणी म्हणायला हवं. नाही म्हणत. वस्तू फुटतात. तुमच्या हातूनही फुटतील, खुशाल फोडा. पण फुटलं की जवळ उभ्या असलेल्या गरीब माणसाकडे बोट दाखवू नका. तुम्ही ते एका क्षणात दाखवता, आणि त्याची मुलगी कितीतरी वर्षांनंतरही व्हरांड्यात मान खाली घालून चालते.