उठता येईना, वळता येईना

टॅक्सी कंपनीत फोन घेणाऱ्या धाकट्याची मान त्या रविवारी सकाळी डावीकडे वळली ती तिथेच राहिली. कारण उघड होतं. हात मोकळे राहावेत म्हणून तो दिवसभर फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरायचा. बायकोने आणून दिलेला हेडफोन टेबलाच्या खणात कोराच होता. बायको गोदामात हमालांना ओझं कसं उचलावं ते शिकवायची. तिला मान दाखवणं म्हणजे आपणहून व्याख्यान ओढवून घेणं. त्याने मानेभोवती मफलर गुंडाळला.

नेमका त्याच दिवशी दादा जेवायला येणार होता, वर्षभराच्या अबोल्यानंतर. दादाच्या निवृत्तीच्या समारंभात, भाषण ऐन रंगात आलेलं असताना, धाकट्याने जांभई दिली होती. चांगली मोठी, आवाजासकट. आज तो माफी मागणार होता. आज बिनसलं तर दादा पुन्हा या घराची पायरी चढणार नव्हता.

दादा आला. जास्तच ताठ चालत आला आणि उजवीकडच्या खोल सोफ्यात धपकन बसला. धाकट्याच्या तोंडासमोर उरली भिंत, आणि भिंतीवरचं घड्याळ.

“दादा, माझं चुकलं,” तो घड्याळाला म्हणाला.

“कुणाशी बोलतोयस?”

“तुझ्याशीच.”

“मग इकडे बघ की!”

“इथूनच म्हणतो. पण अगदी मनापासून.”

दादाचा पारा चढला. “तेव्हा निदान माझ्याकडे तोंड करून जांभई दिली होतीस! आज तेवढंही नाही? चाललो मी!”

धाकट्याने डोळे मिटले. आता दार आपटणार. सोफा करकरला, दादा कण्हला, पण दार काही आपटेना.

“चाललो म्हणतोय ना मी!”

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पण भाऊजी, तुम्ही तर बसलेलेच आहात.”

“कंबर धरलीय,” दादा पुटपुटला. “काल व्यायामशाळेत गेलो. पहिलाच दिवस. शेजारच्या बाई वजन उचलत होत्या, म्हटलं आपण काय कमी आहोत?”

“आधी अंग गरम केलं होतं?”

“उन्हातून गेलो होतो की.”

धाकटा फिस्सकन हसला. मानेत कळ गेली. “आई गं!” मफलर सुटला.

बायकोने वाकडी मान बघितली. “हेडफोन कुठाय?”

“खणात.”

“वा! एकाला उठता येत नाही, एकाला वळता येत नाही. आणि दोघांची मिजास मात्र शाबूत.” तिने पदर खोचला. “भाऊजी, आधी कडेला सरका. पावलं गुडघ्यांखाली घ्या. आणि तुम्ही हो! पाय फाकवा, गुडघ्यात वाका, पाठ सरळ. झटका द्यायचा नाही.”

धाकट्याने हात लांब करून दादाच्या बगलेत घातले.

“लांबून नाही! लांबून उचललं की कंबर जाते. ओझं छातीशी घ्या.”

“ओझं कोण?” दादा म्हणाला.

“अजून जवळ. भाऊजी, तुम्हीही धरा त्यांना. घट्ट. हं, आता दोघं मिळून, पायांच्या जोरावर!”

दोघे उठले. छातीला छाती, गळ्यात हात. दादाला पडायची भीती, धाकट्याला मान हलायची. त्यामुळे सोडायची घाई कुणालाच नव्हती. बायको पानं वाढायला आत गेली.

“सोडू का रे दादा?”

“थांब जरा. बरं वाटतंय.”

“कंबरेला?”

“गप्प उभा राहा.”